विस्कटलेली घडी : हेरेडिटरी डिसीज फाउंडेशनची वाटचाल

१९६८ सालची एक सकाळ. लॉस एंजेलिसच्या कोर्टात ज्यूरीच्या कामाला निघालेल्या लिओनोर वेक्सलर रस्ता ओलांडत होत्या. पाऊल वेडंवाकडं पडत होतं. सकाळी सकाळी पिऊन रस्त्यावर येता, लाज नाही वाटत, अशा अर्थाचं काहीतरी बोलून एका पोलिसानं त्यांना हटकलं. लिओनोर प्यायलेल्या नव्हत्या. त्यांच्या वडिलांना आणि तिन्ही भावांना ज्या रोगानं गाठलं होतं, तोच आता त्यांच्या पावलांत उतरला होता. हा रोग पुरुषांनाच होतो अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत, म्हणून स्वतःबद्दल त्या निर्धास्त होत्या.

त्याच ऑगस्टमध्ये मिल्टन वेक्सलर ६० वर्षांचे झाले. वकिली सोडून मनोविश्लेषणाकडे वळलेला हा माणूस. लिओनोरपासून काही वर्षांपूर्वीच त्यांनी घटस्फोट घेतला होता, पण तिच्या आजारपणाची जबाबदारी त्यांनीच उचलली. वाढदिवसाच्या निमित्तानं आलेल्या दोन्ही मुलींना त्यांनी समोर बसवून सांगितलं : आईला हंटिंग्टन नावाचा आनुवंशिक रोग आहे आणि तुम्हा दोघींनाही तो होण्याची शक्यता निम्मी आहे. ॲलिस तेव्हा २६ वर्षांची होती, नॅन्सी २३ ची. आपल्याला मूल नको, असं दोघींनी तेव्हाच ठरवून टाकलं. मिल्टननी आणखी एक गोष्ट ठरवली. या रोगाच्या मागे लागायचं.

हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन ही संस्था या घरगुती बैठकीतून उभी राहिली. तिची स्वतःची प्रयोगशाळा नाही. दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांना योग्य वेळी योग्य प्रश्न पुरवणं, त्या प्रश्नामागे पहिला पैसा उभा करणं आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांना एका टेबलाभोवती बसवणं, एवढंच तिचं काम. एवढ्यावर तिनं काय साधलं आणि काय राहून गेलं, त्याचा हा आढावा.

तीन पिढ्यांचे डॉक्टर, तीन पिढ्यांचे रोगी

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्प्टन नावाचं गाव आहे. तिथं हंटिंग्टन घराण्यात आजोबा आणि वडील दोघंही डॉक्टर. घरातला तिसरा डॉक्टर जॉर्ज यानं १८७२ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, एक छोटा निबंध छापला. आजोबांनी पाहिलेल्या रोग्यांची मुलं वडिलांकडे आली होती, आणि त्या मुलांची मुलं जॉर्जनं पाहिली होती. एखाद्या पिढीत रोग चुकला तर पुढे त्या शाखेत तो पुन्हा येत नाही, हे त्यानं अचूक लिहून ठेवलं. डॉक्टरकीचा वारसा आणि रोगाचा वारसा एकाच गावात समांतर चालले होते, म्हणूनच त्याला ते दिसलं.

रोगाची सुरुवात बहुधा तिशी-चाळिशीत होते. हातपाय आपोआप हलू लागतात, नाचल्यासारखे. ग्रीक भाषेतल्या नाचाच्या शब्दावरून या हालचालींना ‘कोरिया’ म्हणतात. सोबत चिडचिड, उदासी, विसरभोळेपणा येतो. मग बोलणं जड होतं, गिळणं अवघड होतं. १५-२० वर्षांत माणूस संपतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला रोग असला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला नाणेफेक येते. लक्षणं दिसेपर्यंत लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात, म्हणजे पुढची नाणेफेकही उरकलेली असते. ‘घराण्यात काही नाही ना?’ हा आपल्याकडे सोयरिकीच्या बोलण्यात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न या घरांमध्ये जन्मभर मानेवर बसलेला असतो.

स्लाइडना बंदी

१९६७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे लोकगायक वुडी गथ्री याच रोगानं गेले. त्यांच्या पूर्वाश्रमीच्या पत्नी मार्जोरी नर्तकी होत्या. त्यांनी रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र आणणारी समिती काढली. मिल्टन आधी तिच्याच कॅलिफोर्निया शाखेचं काम पाहू लागले. पण दोघांची ओढ वेगळी होती. मार्जोरींना घराघरांतल्या रुग्णांची सोय लावायची होती, मिल्टनना रोगाच्या मुळाशी जायचं होतं. वाटा वेगळ्या झाल्या आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फाउंडेशन स्वतंत्रपणे उभं राहिलं.

मिल्टनना जीवशास्त्र येत नव्हतं. त्यांना येत होतं ते माणसांना बोलतं करणं. कलावंतांच्या गटांबरोबर मानसोपचार करताना त्यांनी पाहिलं होतं, की तयारी करून आलेला माणूस नवीन काही बोलत नाही. म्हणून फाउंडेशनच्या कार्यशाळांचे नियम त्यांनी उलटे बांधले. माणसं मोजकी, त्यांतही तरुण जास्त. भाषण वाचायचं नाही, स्लाइड दाखवायच्या नाहीत. आपण काय शोधलं हे सांगायचं नाही. आपल्याला काय कळत नाही, हे मोठ्यानं बोलायचं. बैठकीच्या सुरुवातीला हंटिंग्टन झालेली एखादी व्यक्ती समोर येऊन बसे. पेशी आणि रेणू यांच्यात आयुष्य घालवलेल्या कित्येकांनी रोगी माणूस तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. संध्याकाळी जेवणाला मिल्टनच्या ओळखीतली हॉलिवूडची मंडळी असत. वास्तुकार फ्रँक गेहरी तर फाउंडेशनच्या घरचेच झाले. पंचविशीतल्या संशोधकाला हे सगळं भारावून टाकणारं असे, आणि मिल्टनना नेमकं तेच हवं होतं. या माणसानं घरी परतल्यावर दुसरा सोपा विषय घेऊ नये.

नॅन्सीनं १९७४ मध्ये मानसशास्त्रात पीएच.डी. केली आणि ती वडिलांच्या कामात पूर्णवेळ उतरली. १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं या रोगासाठी आयोग नेमला, त्याची कार्यकारी संचालक ती झाली. १९७७ च्या अहवालातल्या शिफारशींत एक दूरची शिफारस होती : व्हेनेझुएलातल्या एका सरोवराकाठच्या कुटुंबांचा अभ्यास करा. पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, लिओनोर गेल्या.

सरोवराकाठची माणसं

माराकाइबो सरोवराच्या परिसरात काम करणारे डॉक्टर आमेरिको नेग्रेते यांना तिथं नव्यानं आल्यावर रस्त्यात झोकांड्या खाणारी माणसं दिसली. त्यांना ती दारुडी वाटली. गावकऱ्यांनी सांगितलं, दारू नाही, हा रोग आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसानं जी चूक केली तीच डॉक्टरांनीही केली होती. फरक इतकाच की डॉक्टरांनी पुढं चौकशी केली आणि १९५५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जॉर्ज हंटिंग्टनच्या निबंधाला १०० वर्षं झाल्यानिमित्त १९७२ मध्ये ओहायोत परिषद भरली, तिथं नेग्रेतेंचे विद्यार्थी रामोन आविला हिरोन यांनी या माणसांची फिल्म दाखवली. एकाच गावात इतके रोगी आजवर कुणी पाहिले नव्हते.

नॅन्सी पहिल्यांदा १९७९ मध्ये तिथं गेली. १९८१ पासून दरवर्षी पथक जाऊ लागलं आणि हा क्रम दोन दशकं चालला. माराकाइबो शहराला लागून असलेली सान लुईस ही वस्ती, बारांकितास हे कोळ्यांचं गाव आणि लगुनेटा, म्हणजे पाण्यात खांब रोवून त्यांवर उभारलेली घरं, अशी ठिकाणं. वंशवृक्ष लिहायला घेतला तो १० पिढ्या मागं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मारिया कॉन्सेप्सियॉन नावाच्या बाईपर्यंत गेला. त्यात पुढं १८,००० हून अधिक नावं चढली आणि ४,००० हून अधिक लोकांनी रक्त दिलं.

रक्त मिळणं सोपं नव्हतं. परदेशातून आलेल्या गोऱ्या माणसांना आपलं रक्त कशाला हवं, हा प्रश्न रास्त होता. शिवाय हा रोग जगात फक्त आपल्यालाच आहे, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. नॅन्सीनं आपल्या आईबद्दल सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसेना. संशोधनासाठी तिनं पूर्वी स्वतःच्या दंडाची कातडी दिली होती. त्याचा बारीक व्रण उरला होता. पथकात अर्जेंटिनाची एक परिचारिका होती. तिनं नॅन्सीचा दंड धरला, वर उचलला आणि जमलेल्या प्रत्येकापुढं तो नेऊन दाखवला : हिच्याकडेही खूण आहे, हिच्याही घरात हेच आहे. त्यानंतर नॅन्सी त्यांच्यासाठी पाहुणी उरली नाही.

पथक गेलं होतं वेगळ्याच शोधात. कोलेस्टेरॉलच्या एका आनुवंशिक विकारात बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्या रुग्णांमुळे कोडं सुटलं होतं. तसं दुहेरी जनुक असलेला हंटिंग्टनचा रुग्ण सापडला, तर नेमका दोष उघडा पडेल, अशी कल्पना. आई-बाप दोघंही रोगी असलेली घरं इथं होती. तसे रुग्ण सापडलेही, पण एकच बिघडलेलं जनुक असलेल्यांपेक्षा ते अधिक आजारी नव्हते. १९८७ मध्ये हे छापून आलं तेव्हा तो निष्कर्षच मोठा ठरला. चांगलं जनुक दोनाचं एक झाल्यानं रोग होत नव्हता; बिघडलेलं जनुक स्वतःच काहीतरी नवं, विषारी करत होतं.

चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला

दरम्यान दुसरी वाट उघडली होती. १९७९ च्या ऑक्टोबरमधल्या फाउंडेशनच्या कार्यशाळेत एमआयटीचे डेव्हिड हाउसमन आणि इतरांनी एक नवं तंत्र चर्चेला घेतलं. डीएनएला ठरावीक ठिकाणी कापणारी विकरं वापरायची; माणसागणिक तुकड्यांची लांबी थोडी वेगळी पडते. एखादा तुकडा घराण्यात रोगाबरोबरच पिढीमागून पिढी उतरत असेल, तर जनुक त्याच्या आसपासच असणार; तो तुकडा म्हणजे जनुकाची खूण. अनेकांना ही गवताच्या गंजीत सुई शोधण्याची गोष्ट वाटली. संपूर्ण जनुकसंचाचा नकाशाच तयार नसताना शोधायचं कुठं? फाउंडेशननं तरी पैसा दिला. हाउसमनचा विद्यार्थी जेम्स गुसेला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कामाला लागला. व्हेनेझुएलातून रक्ताच्या नळ्या विमानानं त्याच्याकडे येऊ लागल्या. दहाएक वर्षं लागतील, असा अंदाज होता.

लागली तीन. पहिल्या डझनभर खुणांमध्येच ‘जी८’ नावाची खूण निघाली. डीएनएचे तुकडे फिल्मवर काळ्या पट्ट्यांसारखे दिसत; त्या पट्ट्यांचे ए, बी, सी, डी असे चार नमुने होते. सरोवराकाठच्या वंशवृक्षात रोगी माणसांकडे सातत्यानं सी नमुना दिसत होता. इंडियाना विद्यापीठाच्या मायकेल कॉनेली यांनी गणित करून शिक्कामोर्तब केलं. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये लेख आला : जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे.

सुदैव इथं संपलं. खूण जवळ होती, जनुक मात्र सापडेना. काही कुटुंबं गुणसूत्राच्या अगदी टोकाकडे बोट दाखवत, काही थोडं आत. टोकाशी खोदण्यात वर्षं गेली. फाउंडेशननं एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या सहा गटांना एकत्र बांधलं : सापडलेलं सगळ्यांना सांगायचं आणि श्रेय सगळ्यांचं. रुसवेफुगवे झाले, पण बांधणी टिकली. १९९३ च्या मार्चमध्ये ‘सेल’मध्ये जो लेख छापला गेला त्यावर ५८ जण होते आणि लेखकाच्या जागी गटाचंच नाव होतं.

दोष इतका साधा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. जनुकाच्या आरंभी सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत १७ ते २० वेळा. २६ पर्यंत काळजी नाही. ३६ ते ३९ मध्ये रोग होईल किंवा टळेल. ४० किंवा अधिक असतील, तर माणूस पुरेसा जगला की रोग होणारच. जपमाळेत मणी जास्त ओवले गेल्यासारखं हे. आता एका रक्ततपासणीनं कुणालाही स्वतःचा आकडा कळू शकत होता. उपाय मात्र नव्हता. म्हणून धोका असलेल्यांपैकी थोड्यांनीच ही तपासणी करून घेतली. ती शक्य करणाऱ्या नॅन्सीनं स्वतः तपासणी केली की नाही, हे बरीच वर्षं जगाला सांगितलं नाही.

घडी

सी-ए-जी हा ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा संकेत आहे. प्रथिन म्हणजे अशा आम्लांची लांब माळ. या जनुकाच्या प्रथिनात, हंटिंग्टिनमध्ये, ती तीन हजारांहून अधिक आहेत. माळ तयार होता होता तिची नेमकी घडी पडते आणि घडी पडल्यावरच ती कामाची होते. कपाटातल्या पैठणीची घडी मोडली तरी ती पैठणीच राहते. प्रथिनाची घडी मोडली की ते प्रथिन पेशीला परकं होतं. पेशीत चुकीच्या घड्या नीट करणारे आणि न सुधारणाऱ्यांची विल्हेवाट लावणारे रेणू असतात. मेंदूच्या पेशी मात्र जन्मभर त्याच राहतात, त्यामुळे तिथं साचलेला कचरा साचतच जातो.

हिमोग्लोबिनची रचना उलगडून नोबेल मिळवलेले मॅक्स पेरूत्झ उतारवयात या रोगाकडे वळले. ग्लुटामिनची लांब पट्टी कपड्याच्या चेनसारखी शेजारच्या पट्टीत अडकत जाईल, असं त्यांनी १९९४ मध्ये मांडलं. १९९६ मध्ये लंडनच्या जिलियन बेट्स यांनी जनुकाचा फक्त सुरुवातीचा, सुमारे १५० पुनरावृत्ती असलेला तुकडा उंदरांत घातला. काही आठवड्यांत उंदीर थरथरू लागले. पुढच्या वर्षी स्टीफन डेव्हिस यांना त्या उंदरांच्या मेंदूपेशींच्या केंद्रकात प्रथिनांच्या गाठी दिसल्या. बर्लिनमध्ये एरिच वांकर यांना प्रयोगनळीत या प्रथिनाचे तंतू मिळाले, आणि पुनरावृत्ती किती झाल्यावर तंतू पडतात याची हद्द रोगाच्या हद्दीजवळच निघाली. मग माणसांच्या मेंदूतही त्याच गाठी सापडल्या. अल्झायमर, पार्किन्सन, प्रायॉनचे रोग यांच्याशी या रोगाचं नातं आता नजरेनं पाहता येत होतं.

२००० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आई यामामोतो आणि रेने हेन यांनी असा उंदीर तयार केला, की पाण्यातून औषध दिलं की बिघडलेलं जनुक बंद पडे. जनुक बंद होताच आधी पडलेल्या गाठी विरल्या आणि हालचाली सुधारल्या. सुरू झालेला रोगही मागं फिरू शकतो, हे कळलं. फाउंडेशनच्या इतिहासातला हा आनंदाचा दिवस.

आणि चारच वर्षांनी, २००४ मध्ये, स्टीव्हन फिंकबायनर यांच्या गटानं यंत्रमानव लावलेल्या सूक्ष्मदर्शकातून एकेका पेशीवर दिवसेंदिवस पाळत ठेवली. गाठ पडलेल्या पेशी जास्त जगल्या. मरत होत्या त्या गाठ न पडलेल्या. म्हणजे ज्याला आरोपी ठरवलं होतं, तो निदान काही वेळा कचरापेटी निघाला. विष बहुधा गाठीच्या आधीच्या, मोकळ्या फिरणाऱ्या रूपांत असावं.

घड्याळ

यानंतर प्रश्न घडीवरून घड्याळाकडे वळला. एकाच आकड्याची दोन माणसं. एक पस्तिशीत आजारी पडतो, दुसरा पंचावन्नाव्या वर्षी. असं का? सरोवराकाठच्या नोंदींनी २००४ मध्येच दाखवलं होतं, की आकड्याव्यतिरिक्त इतर जनुकं आणि परिसर यांचाही यात वाटा आहे. २०१५ मध्ये आणि मग २०१९ मध्ये, ९,००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून, ती जनुकं हाती लागली. त्यांतली कित्येक डीएनए दुरुस्त करणारी निघाली. ग्लुटामिन लिहिण्याचा सी-ए-ए असा आणखी एक संकेत आहे. तो मध्ये आला तर प्रथिन बदलत नाही, पण रोग उशिरा येतो. याचा अर्थ काळ मोजणारं घड्याळ प्रथिनात नव्हतं, डीएनएत होतं. माणसाच्या आयुष्यभरात मेंदूच्या काही पेशींमध्ये या पुनरावृत्ती वाढत जातात, आणि २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार १५० च्या पुढं गेल्यावर पेशी झपाट्यानं ढासळते.

वर्षानुवर्षं प्रथिनावर पैसा आणि नाव लावलेल्या संस्थेला हे पचवायचं होतं. तिनं ते पचवलं. तिच्या कार्यशाळांत आता डीएनए-दुरुस्तीवर बोललं जातं. मिल्टनच्या उलट्या नियमांचा खरा उपयोग इथं झाला. काय कळत नाही हे आधी बोलायची सवय असली, की काल कळलेलं सोडणं जड जात नाही.

जमा आणि देणं

उपचारांच्या रकान्यात नोंदी कमी आहेत. अनावर हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन अमेरिकेत २००८ मध्ये मान्य झालं. ते लक्षणं दाबतं, रोग थांबवत नाही. हंटिंग्टिन कमी करणाऱ्या टोमिनर्सेन या औषधाची मोठी चाचणी २०२१ च्या मार्चमध्ये थांबवावी लागली. २०२५ च्या सप्टेंबरात युनिक्युअर या कंपनीनं आपल्या जनुकोपचारानं रोगाची गती बरीच मंदावल्याचं जाहीर केलं. मात्र त्यातले रुग्ण फार थोडे आणि दावा कंपनीचा.

मिल्टन २००७ मध्ये ९८ व्या वर्षी वारले. दर दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये त्यांच्या नावानं भरणाऱ्या परिषदेत तरुण अजूनही पुढच्या रांगेत असतात. २०२० च्या मार्चमध्ये नॅन्सीनं उघडपणे सांगितलं, की तिलाही हंटिंग्टन झाला आहे. तिच्या चालण्यावरून जवळच्यांना ते आधीच कळलं होतं. आपण कशाला लपवतो, असं तिचं म्हणणं. सरोवराकाठी दुसऱ्या बाईनं उचलून दाखवलेली खूण ४० वर्षांनी तिनं आपली आपण दाखवली.

सरोवराकाठी १९९९ मध्ये ‘कासा ओगार’ नावाचं शुश्रूषागृह उघडलं होतं. तिथं रुग्णांना जेवण, औषध आणि स्वच्छ अंथरूण मिळे. पुढं व्हेनेझुएलाच्या पडझडीच्या काळात तेही बंद झालं. आज हंटिंग्टनची रक्ततपासणी जगात कुठंही होते ती त्या माणसांनी दंड पुढं केले म्हणून. नवा जनुकोपचार म्हणजे कवटीला छिद्रं पाडून तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया. ती यशस्वी ठरली तर प्रथम मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत मिळेल. बारांकितासला धड दवाखान्याची वानवा आहे. फाउंडेशनच्या वहीत शोधांची पानं भरली आहेत. या गावाच्या नावावरचं देणं अजून तसंच आहे.